दुसऱ्या मजल्यावरचे पक्षांतर

अण्णा देवस्थळींनी "ठरावाच्या विरोधात कोण?" असं विचारलं आणि त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी रुक्मिणीकाकूंनी "आणखी चहा कुणाला?" असं विचारलं. नंदकुमार सातोसकरने हात वर केला.

चहा त्याला नको होता. पण काकूंनी विचारलं आणि कुणीच उत्तर दिलं नाही, हे त्याला बरं वाटलं नाही. अण्णांचा प्रश्न मात्र त्याने ऐकलाच नव्हता. त्याचे कान वर छताकडे लागले होते. छताच्या वर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, त्याचं स्वतःचं घर होतं आणि त्या घरात त्याच्या बायकोच्या, नलिनीच्या, शिवणवर्गातली चार मशिनं खडखडत होती. सभा सुरू झाल्यापासून अण्णांनी दोनदा पंख्याकडे पाहिलं होतं. ते पंख्याकडे पाहत नसून मशिनांकडे पाहत आहेत, अशी नंदकुमारची खात्री होती.

"तीन विरुद्ध दोन," अण्णा सावकाश म्हणाले. "ठराव फेटाळला गेला."

नंदकुमारने इकडेतिकडे पाहिलं. माणिकराव कोठारेंचा हात वर होता. लवू नेरुरकरचा हात वर होता. आणि तिसरा हात त्याचा स्वतःचा होता.

अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याच्या रस्त्यावर, नवप्रभा सोसायटीची तीन मजली इमारत होती. तिच्या कमिटीत पाच माणसं. त्यातले तिघे अण्णांच्या स्वच्छता पॅनलचे : स्वतः अण्णा, शाळेत गणित शिकवणाऱ्या जयंतीबाई गद्रे आणि नंदकुमार. कोठारे आणि लवू हे दोघे विकास पॅनलचे. त्या रविवारचा ठराव मासळीवाल्या शेवंतीबद्दल होता. जानेवारीत तिच्या पाटीतून ठिबकलेल्या पाण्यावरून अण्णा जिन्यात घसरले होते आणि त्यांचं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. तेव्हा शेवंतीने यापुढे गेटाच्या आत पाऊल टाकू नये, असा ठराव होता. तिघांच्या बहुमताने तो मंजूर होणार हे गेटावरच्या गुरख्यालासुद्धा माहीत होतं.

"अण्णा, माझा हात... म्हणजे तो..." नंदकुमारने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोठाऱ्यांनी त्याला मिठी मारली.

"यार सातोसकर, झकास! देवस्थळींची पार वाट लावलीस!"

"नंद्या, तू आज खरो मालवणी दिसलंस रे," लवू म्हणाला. "माका वाटलाच नाय तुझ्यात इतकी हिंमत असात."

रुक्मिणीकाकूंनी नंदकुमारच्या पुढ्यात चहा ठेवला. त्याने तो मुकाट्याने प्यायला. अण्णांनी इतिवृत्ताची वही मिटली, टोपण पेनाला लावलं आणि शांतपणे म्हणाले, "नंदकुमार, आपण पक्षादेश मोडलात."

अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. बत्तीस वर्षं त्यांनी न्यायाधीशापुढे कागद वाचून दाखवले होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वाचून दाखवायला कोर्ट उरलं नव्हतं. हे पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतलं. दिल्लीत पक्षांतरबंदीचा कायदा नुकताच झाला होता. आमदार-खासदारांनी पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर त्यांची जागा जाणार, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच वाचणार, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. अण्णांनी ते कात्रण कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते म्हणत, "आता लोकशाही सुधारेल बघा."

त्या संध्याकाळी नंदकुमार जिना चढून घरी गेला तो बायकोपुढे सगळं कबूल करायचं ठरवूनच. पण लवूने आधीच वर जाऊन बातमी सांगितली होती.

नलिनी दारातच उभी होती. शिवणवर्गाच्या मुली तिच्या मागे रांगेने उभ्या होत्या.

"अहो, खरंच तुम्ही अण्णांच्या तोंडावर विरोधात हात वर केलात?"

"म्हणजे, हात वर झाला."

"मुलींनो, ऐकलंत?" नलिनी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी म्हणत नव्हते? हे बोलत नाहीत, पण वेळ आली की..."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. बसमध्ये कुणी नंदकुमारच्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' तोच म्हणे. वाण्याने कीड लागलेली डाळ दिली तर ती परत करायला नलिनीच जाई. अकरा वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. नंदकुमारच्या तोंडाशी आलेला चहा परत पोटात गेला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी नलिनीने मालवणला आईला पत्र टाकलं, आणि मग तर सांगणं शक्यच नव्हतं.

त्याच दिवशी नोटीस आली. अण्णांनी ती स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिली होती : आपण पॅनलच्या आदेशाविरुद्ध मतदान केले असून आपले समिती-सदस्यत्व का रद्द होऊ नये याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

नंदकुमारने नोटीस चार वेळा वाचली. कमिटीवरची जागा गेली तर जाऊ दे, ती त्याला नकोच होती. निवडणुकीला उभे राहता का असं अण्णांनी विचारलं, तेव्हा 'नाही' म्हणता आलं नाही म्हणून तो उभा राहिला होता. त्याला घोर होता तो निराळाच. राहत्या घरात शिवणवर्ग चालवायला कमिटीची परवानगी लागते. ती नलिनीला अण्णांनी दिली होती, पण कागदावर शेवटी लिहिलं होतं : 'पुढील आदेश होईपर्यंत.' हे तीन शब्द नंदकुमारला आता पंख्याच्या पात्यांवर, डब्याच्या झाकणावर, जिथे तिथे दिसायला लागले. पुढील आदेश झाला तर? चार मशिनं कुठे न्यायची? सोळा मुलींना काय सांगायचं? रात्री त्याने मशिनांच्या पायांखाली घालायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले.

ऑफिसात त्याच्या शेजारी चंद्रप्रकाश बसायचा. तो संध्याकाळी लॉ कॉलेजला जात असे. नोटीस वाचून तो इतका हसला की साहेब केबिनमधून बाहेर आले.

"अरे, तो कायदा पार्लमेंट आणि असेंब्लीला आहे यार! हाउसिंग सोसायटीला कुठली पक्षांतरबंदी? म्हाताऱ्याला सांग जाऊन."

नंदकुमारला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तो एक स्टॉप आधीच उतरून चालत घरी आला. तसाच अण्णांकडे गेला. "अण्णा, तो कायदा म्हणे आपल्याला लागूच नाही."

"नाहीच," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आपण तो लावून घेतला." त्यांनी पॅनलची वही उघडली. "तीन फेब्रुवारी. 'सदर कायदा, त्यातील सर्व कलमांसह, पॅनलच्या सदस्यांवर बंधनकारक राहील.' सूचक, देवस्थळी. अनुमोदक..." त्यांनी वही त्याच्याकडे फिरवली.

"सातोसकर," नंदकुमारने वाचलं. त्या दिवशीसुद्धा त्याचं लक्ष मशिनांकडे होतं.

"आणि आपला राजीनामाही माझ्याकडे आहे. तारीख न घातलेला. निवडणुकीच्या वेळी आपण विश्वासाने दिला होतात."

नंदकुमारला तोही आठवला. त्याला वाटलं होतं, तो पॅनलच्या सहलीचा कागद आहे.

गुरुवारी सकाळी शेवंती आली. ठराव पडल्याचं तिला कोठाऱ्यांनी सांगितलं होतं. तिने पाटी थेट तिसऱ्या मजल्यावर नंदकुमारच्या दारात उतरवली आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नंदूशेट! तुमी नसतं तर माजी पाटी गेटाभाईरच रायली असती. तीस वरसं या जिन्यान चढतंय मी!"

"हळू बोला, शेवंतीबाय, हळू," नंदकुमार म्हणाला.

"हळू कशाला? चोरी केलीव का?" आणि तिने चार मोठी पापलेटं नलिनीच्या ताटात टाकली, पैसे नकोत म्हणून हात झटकले, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघूनही गेली.

मत दिल्याबद्दल वस्तू घेणं म्हणजे लाच. नोटिशीत अजून लाचेचं कलम नव्हतं. नंदकुमारने ताटातली पापलेटं उचलली, दोन या हातात, दोन त्या हातात, आणि शेवंतीच्या मागे जिना उतरायला लागला. "शेवंतीबाय! अहो, थांबा! हे मला नको!"

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. दूध घ्यायला अण्णा बाहेर आले होते. त्यांनी नंदकुमारच्या उजव्या हाताकडे पाहिलं, डाव्या हाताकडे पाहिलं आणि मग खाली, आपल्या दारापासून वरच्या पायरीपर्यंत ठिबकत आलेल्या थेंबांकडे पाहिलं.

"अण्णा, मी परत करायला चाललोय."

"मी काहीच विचारलं नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

नंदकुमारने पापलेटं कठड्यावर ठेवली, खिशातला रुमाल काढला आणि गुडघ्यांवर बसून जिना पुसला. तोवर शेवंती पुढच्या सोसायटीत पोहोचली होती. रात्री नलिनीने पापलेटं तळली. नंदकुमारला घास गिळवेना. नलिनीला वाटलं, त्याला अजून राग आवरत नाहीये.

खुलासा लिहिण्यात तीन दिवस गेले. ऑफिसच्या कागदांवर त्याने सहा मसुदे केले. सहाव्यात त्याने सरळ खरं लिहिलं : 'मी हात वर केला तो ठरावाच्या विरोधात नसून चहासाठी होता. कृपया क्षमा असावी.' घडी घालून तो अण्णांकडे गेला.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "नंदकुमार, खोटं बोलावं, पण पटेल असं बोलावं. दुसरा कप? आमच्या घरचा? माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. मी स्वतः आजवर दुसरा मागितलेला नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"अण्णा, शपथ घेतो..."

"तरीही, आपलं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देणं नैसर्गिक न्यायाला धरून होणार नाही. रविवारी गच्चीवर सर्व सभासदांची सभा आहे. खुलासा मी तिथे जाहीरपणे वाचीन. लोकांनी ठरवावं."

"सर्वांसमोर?" नंदकुमारच्या डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतली नलिनी आली. "मग तो कागद मला परत द्या."

"दाखल झालेला कागद परत मिळत नसतो," अण्णा म्हणाले आणि खुलाशाला टाचणी लावून त्यांनी तो फायलीत ठेवला.

आता नंदकुमारची पुरती कोंडी झाली. चहाची गोष्ट लोकांना पटली तर शिवणवर्ग वाचत होता, पण बायकोच्या डोळ्यांतली ती चमक जात होती. पटली नाही तर दोन्ही जात होतं. शनिवारी त्याने ताप आलाय का हे बघायला थर्मामीटर तीनदा तोंडात घातला. पारा अट्ठ्याण्णवाच्या वर चढला नाही.

रविवारी गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. चोवीस बिऱ्हाडांतली झाडून सगळी माणसं आली होती. नलिनी अंजिरी रंगाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. जिन्याच्या दारात शेवंती उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिच्याविषयीच सभा होती, तेव्हा जा म्हणण्याचं धाडस कुणाला झालं नाही.

अण्णा उभे राहिले. त्यांच्या एका हातात राजीनामा, दुसऱ्या हातात फाईल होती. मनगटाला अजून क्रेप बँडेज होतं.

"सभासदहो, श्री. सातोसकर यांनी केलेला खुलासा मी आता वाचून दाखवतो."

"अण्णा," नंदकुमार म्हणाला. तो उभा कधी राहिला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. "तो खुलासा मी मागे घेतो."

"कारण?"

"तो... तो खोटा आहे."

गच्चीवर कुजबुज झाली. आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलेली खरी गोष्ट तो खोटी म्हणत होता. त्याने पाण्याच्या टाकीला हात टेकवला.

"मग हात कशासाठी वर केला होतात?"

नंदकुमारने नलिनीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं. त्याने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. शेवंतीने रिकामी पाटी पोटाशी धरली होती. ती आज मोठ्याने बोलत नव्हती. साठीच्या बाईने तीन जिने चढल्यावर जसा दम लागतो तसा तिला लागला होता.

"या बाईंनी वर यावं म्हणून," तो म्हणाला. "पाणी ठिबकतं, ते मी स्वतः पुसलंय, मला माहीत आहे. अण्णांना लागलं, तेही वाईट झालं. पण तीस वर्षं येणाऱ्या माणसाला पाच जणांनी हात वर करून गेटाबाहेर काढायचं, हे मला... मला ते नको आहे."

'नको' हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला आणि तो स्वतःच दचकला. कोठाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून आणखी टाळ्या आल्या.

अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "म्हणजे पक्षादेश आपण जाणूनबुजून मोडलात. प्रश्नच मिटला. कायदा काय म्हणतो ते मी वाचतो." त्यांनी पुठ्ठ्यावरचं कात्रण काढलं आणि कोर्टातल्या त्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्य अपात्र. पंधरा दिवसांत क्षमा नाही तर सदस्य अपात्र. स्वतःहून पक्ष सोडला तर सदस्य अपात्र. प्रत्येक 'अपात्र' नंदकुमारच्या पाठीवर छडीसारखा बसत होता.

"'मात्र,'" अण्णांनी पुढे वाचलं, "'मूळ पक्षात फूट पडून, किमान एक तृतीयांश सदस्यांचा निराळा गट... निराळा गट झाला असेल, तर...'"

आवाज हळू झाला. अण्णा थांबले. बत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदाची एक ओळ गाळली नव्हती. समोर वकील डुलक्या घेत असले तरी गाळली नव्हती. ते ओठ चावत कात्रणाकडे पाहत राहिले. इथे कात्रण फायलीत ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"'...तर असे सदस्य अपात्र ठरणार नाहीत,'" त्यांनी वाचून टाकलं.

"पॅनल तिघांचं आहे," जयंतीबाई गद्रे म्हणाल्या. त्या गणित शिकवत असल्यामुळे त्यांना राहवलं नाही. "तिघांतला एक म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश."

"किमान," कोठारे ओरडले. "किमान एक तृतीयांश! बसलं!"

"म्हणजे नंद्यान पक्ष सोडूक नाय," लवू म्हणाला, "नंद्यान पक्ष फोडल्यान!"

गच्चीवर हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तारीख न घातलेला राजीनामा घेतला, चार पावलं चालून आले आणि तो नंदकुमारच्या हातात दिला. "सर्व कलमांसह, असं आपण म्हटलं होतं," ते म्हणाले. "हे कलमही आलंच. आपला गट मी नोंदवून घेतो."

त्या संध्याकाळी जेवायच्या आधी नंदकुमारने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एका दमात सांगून टाकलं. "नलिनी, त्या दिवशी मी चहासाठी हात वर केला होता."

नलिनी भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तुमचा खुलासा ऐकून रुक्मिणीकाकू लगेच वर आल्या होत्या. 'तुमच्या ह्यांना माझा चहा एवढा आवडतो?' म्हणून. तेव्हापासून रोज थर्मास भरून पाठवतात. मी तो झाडांना घालते."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी, तुम्ही काय करता ते." तिने भाकरी तव्यावर टाकली. "त्या दिवशीचा हात राहू दे. आज जे बोललात ते चहासाठी नव्हतं ना?"

"नाही."

"मग झालं. हात धुवा."

सोमवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात अण्णा होते. तिसरा मजला चढून ते आजवर कधीच आले नव्हते. ज्याला काही हवं असेल त्याने दुसऱ्या मजल्यावर यायचं, अशी इमारतीची रीत होती. नंदकुमारने आधी मशिनांकडे पाहिलं.

अण्णांनीही त्याच दिशेने पाहिलं. "त्या परवानगीचा आणि कालच्या गोष्टीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "आपल्याला तसं वाटत होतं की काय? मी पंख्याकडे बघतो, कारण तो पंखा पडेल अशी मला भीती वाटते."

नंदकुमारने दार पुरतं उघडलं.

"मी कामासाठी आलोय," अण्णा पुढे म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "नवा ठराव आणतोय. शेवंतीने वर यावं, पण पाटीखाली पत्र्याचं ताट ठेवावं, म्हणजे पाणी ठिबकणार नाही. कोठारे म्हणतात, ताट नको. आमची मतं दोन, त्यांची दोन. तेव्हा..." हे वाक्य त्यांना जड गेलं. "तेव्हा आपल्या गटाचा पाठिंबा मिळावा, अशी विनंती आहे."

ठराव चांगला होता. नंदकुमारला तो ऐकताक्षणीच पटला होता. 'हो' हा शब्द नेहमीप्रमाणे धावत ओठांपर्यंत आला. त्याने तोंड मिटलं.

"गटाची बैठक घ्यावी लागेल, अण्णा," तो म्हणाला. "उद्या कळवतो."

अण्णा एक पायरी उतरले, मग वळले. "गटात कोण कोण आहे?"

"सध्या मी एकटाच," नंदकुमार म्हणाला. "पण मतभेद आहेत."